प्रवेश परीक्षेचे विषय नेट कॅफेत ठरतात : कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील कनिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य, उपप्राचार्य आणि अकरावी-बारावीचे वर्गशिक्षक

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच आहे. तालुक्याच्या गावी कला शाखेला भूगोल शिकवते आणि बारावीचं वर्गशिक्षकपद बहुतेक वर्षी माझ्याच वाट्याला येतं. हे पत्र खरं तर एनटीएला (देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या संस्थेला) किंवा सीईटी सेललाच (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाला) लिहायला हवं, असं स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले. त्यांना लिहिण्यासारखंही पुष्कळ आहे. पण परीक्षेच्या तारखा तुमच्या-माझ्या हातात नाहीत. मुलाने कोणते विषय घ्यावेत, ते घेतल्याने पुढे कोणती परीक्षा देता येईल आणि कोणती येणार नाही, हे सांगणं मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे आणि आपण ते करत नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला.

सध्या हे काम कोण करतं? बहुतेक गावांत नेट कॅफेवाला. शेवटची तारीख जवळ आली की मूल आधार कार्ड आणि दहावीचं मार्कशीट घेऊन तिथे जातं. तो विचारतो, "विषय कोणते टाकू?" मूल मैत्रिणीला फोन लावतं, मैत्रीण म्हणते तिने अमुक टाकलेत, मग तेच टाकले जातात. कॅफेवाल्याबद्दल माझी तक्रार नाही. फोटो किती केबीचा हवा, सही कशी स्कॅन करायची, ओटीपी न आल्यास काय करायचं, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं येतं. पण दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सला गणिताची परीक्षा द्यावी लागते, हे त्याने का सांगावं?

वेळही अशी की मुलाला विचार करायला उसंत नसते. २०२५ ची बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारी ते १८ मार्च अशी चालली आणि सीयूईटीचा, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशाच्या सामायिक परीक्षेचा, फॉर्म १ मार्चला उघडला. म्हणजे पुढची तीन-चार वर्षं ज्यावर अवलंबून, ते विषय मुलांनी दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत निवडले. २०२६ साठी तोच फॉर्म जानेवारीत आला. तेव्हा आपल्याकडे पूर्वपरीक्षा असते, प्रात्यक्षिकं तोंडावर असतात आणि निम्म्या वर्गाची जर्नलं अपुरी असतात.

आता सीयूईटीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण विज्ञान शाखेबाहेरच्या मुलांना देशभरच्या केंद्रीय विद्यापीठांचं दार उघडून देणारी ही परीक्षा आहे आणि आपल्या राज्य मंडळाच्या महाविद्यालयांत तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. २०२२ पासून ती सुरू आहे. २०२५ मध्ये तिचा साचा बदलला. एकूण ३७ विषय : १३ भाषा, २३ मुख्य विषय आणि एक सामान्य चाचणी. त्यांतले जास्तीत जास्त पाच घेता येतात. प्रत्येक विषयाला एक तास आणि ५० प्रश्न, बरोबर उत्तराला ५ गुण, चुकल्यास १ वजा. प्रश्नपत्रिका मराठीतून मागता येते. हे वाक्य मी दरवर्षी वर्गात दोनदा म्हणते, तरी कुणीतरी फॉर्म भरून आल्यावर सांगतंच की माध्यम इंग्रजीच होतं, दुसरं दिसलंच नाही.

त्याच वर्षी आणखी एक सवलत जाहीर झाली : बारावीला कोणताही विषय असो, सीयूईटीला हवा तो विषय घ्या. ही बातमी व्हॉट्सॲपवर झपाट्याने फिरली. पालकांनी ती वाचली, काही शिक्षकांनीही पुढे पाठवली. पण परीक्षा घेणारी संस्था काय परवानगी देते आणि प्रवेश देणारं विद्यापीठ काय मान्य करतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिल्ली विद्यापीठाने आपली अट कायम ठेवली. बारावीला जो विषय आहे, त्याच विषयाची सीयूईटी ते धरतात. तो विषय सीयूईटीच्या यादीत नसेल तर त्याच्या जवळचा घ्यायचा. एखाद्या वाणिज्यच्या मुलीने सवलत आहे म्हणून मानसशास्त्र घेतलं, मन लावून अभ्यास केला, गुणही मिळवले, तरी दिल्लीच्या प्रवेशात ते गुण मोजलेच जात नाहीत. सवलतीची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. अट विद्यापीठाच्या माहितीपत्रकात राहिली, आणि ते तिच्या घरी कुणी उघडलं नव्हतं.

म्हणूनच माझं म्हणणं आहे की सीयूईटीचे विषय बारावीच्या फॉर्मवर निवडले जातात हा आपला भ्रम आहे. ते अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी, आपल्याच कार्यालयातल्या टेबलावर निवडून झालेले असतात. पंधरा-सोळा वर्षांचं मूल त्या टेबलासमोर उभं असतं आणि आपला लिपिक म्हणतो, "आयटी घे, मार्क पडतात."

आयटीचंच बघा. द्वितीय भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान घेता येतं आणि गुणांसाठी ते बरं पडतं, यात वाद नाही. पण मराठी सोडून आयटी घेतलेल्या मुलाजवळ बारावीला भाषा उरते एकच, इंग्रजी. दिल्लीच्या २०२५ च्या नियमांत बीए ऑनर्सच्या बऱ्याच अभ्यासक्रमांना दोन वाटा होत्या : एक भाषा आणि तीन विषय, किंवा दोन भाषा आणि दोन विषय. मराठी आणि इंग्रजी दोन्ही शिकलेल्या आपल्या मुलांना दुसरी वाट फार सोयीची आहे. मराठीचा पेपर त्यांना जड जात नाही आणि एका मुख्य विषयाचा भार कमी होतो. आयटीवाल्याला ती वाट बंद. बरं, त्याने सीयूईटीला संगणकशास्त्र घ्यावं म्हटलं, तर आपल्या आयटीच्या पुस्तकात एचटीएमएल, जावास्क्रिप्ट आणि पीएचपी, आणि तिथे प्रश्न पायथन आणि एसक्यूएलचे.

वाणिज्य शाखेत अनेक ठिकाणी गणित किंवा चिटणिसाची कार्यपद्धती (एसपी) असा पर्याय असतो. एसपी पाठांतराने सुटतं, म्हणून मुलं तिकडे जातात. एसपी या नावाचा सीयूईटीत विषय नाही. ओसीएमला (वाणिज्य संघटन आणि व्यवस्थापनाला) जवळचा म्हणून बिझनेस स्टडीज धरता येतं, पुस्तपालनाला अकाउंटन्सी आहे, अर्थशास्त्राला अर्थशास्त्र. एसपीच्या शंभर गुणांचा तिथे उपयोग नाही. गणित सोडलेल्या मुलीला पुढे अर्थशास्त्र ऑनर्स करावंसं वाटलं, तर दिल्लीत ते होत नाही. बीकॉम ऑनर्सला गणित नसलं तरी अकाउंटन्सीवर चालतं, एवढा दिलासा. हे सगळं सांगूनही मुलीने एसपीच घ्यायचं ठरवलं, तर जरूर घ्यावं. माझी तक्रार न सांगण्याबद्दल आहे.

विषयाचं नाव सारखं असलं म्हणजे अभ्यासक्रम सारखा असतो असंही नाही, आणि इथे तर आपण शिक्षकही फसतो. सीयूईटीचे मुख्य विषय एनसीईआरटीच्या बारावीवर, म्हणजे सीबीएसईच्या शाळांत चालणाऱ्या पुस्तकांवर, आधारलेले आहेत. आपल्या बारावीच्या इतिहासात युरोपातलं प्रबोधन आहे, वसाहतवाद आहे, वसाहतवाद आणि मराठे आहेत, शीतयुद्ध आहे. एनसीईआरटीचा बारावीचा इतिहास हडप्पापासून सुरू होतो आणि भक्ती-सूफी परंपरा, विजयनगर, मुघलकाळातलं खेडं, १८५७ असं करत संविधान सभेपर्यंत येतो. हडप्पा आपल्या मुलांनी अकरावीत वाचलेलं असतं आणि "अकरावी काय, पास झालो की झालं" म्हणून विसरलेलंही. इतिहासात वर्गात पहिली येणारी मुलगी सीयूईटीच्या इतिहासाचा पेपर उघडते तेव्हा तिला वाटतं, आपण चुकून दुसरा विषय निवडला की काय. माझ्या विषयात परिस्थिती बरी आहे. आपला बारावीचा भूगोल लोकसंख्या, मानवी वसाहती, आर्थिक क्रिया यांवर आहे, आणि तिकडेही मानवी भूगोल आहे. भारताची लोकसंख्या, संसाधनं आणि अर्थव्यवस्था वेगळी वाचली की जमतं. राज्यशास्त्रातही बराच भाग जुळतो. म्हणून कला शाखेच्या मुलांना मी सांगते की भूगोल आणि राज्यशास्त्र बिनधास्त घ्या, इतिहास घ्यायचा असेल तर अकरावीच्या दिवाळीपासून एनसीईआरटीचं पुस्तक उशाशी ठेवा. भूगोलाची शिक्षिका आपल्याच विषयाची तळी उचलते, असं इतिहासाचे सर म्हणतात. म्हणोत.

विज्ञानातही तेच. आपल्या बारावीच्या भौतिकशास्त्राची सुरुवात परिवलन गतीने होते, पुढे द्रायूंचे गुणधर्म, उष्मागतिकी. एनसीईआरटीत हा भाग अकरावीचा. तिकडे बारावी स्थिरविद्युतपासून सुरू होते आणि किरण-प्रकाशिकी तिथेच येते. आपल्याकडे ती अकरावीत होऊन गेलेली. एमएचटी-सीईटीचा, म्हणजे राज्याच्या अभियांत्रिकी, औषधनिर्माण आणि कृषीच्या प्रवेश परीक्षेचा, हिशेब उलटा : ८० टक्के प्रश्न राज्य मंडळाच्या बारावीवर, २० टक्के अकरावीच्या ठरावीक प्रकरणांवर. म्हणजे परिवलन गती सीईटीला सोन्यासारखी आणि सीयूईटीच्या भौतिकशास्त्राला जवळपास निरुपयोगी. दोन्ही परीक्षा देणाऱ्या मुलाला हे कुणी मांडून दाखवलं, तर त्याचे दोन महिने वाचतात. हे मांडायला क्लासेसच्या कोटा शहरातला तज्ज्ञ लागत नाही. दोन अनुक्रमणिका शेजारी ठेवून अर्धा तास बसलेला विषयशिक्षक पुरतो.

आता तारखांबद्दल. २०२५ चं वेळापत्रक एका कागदावर मांडून मी आमच्या फलकावर लावलं होतं. जानेवारीच्या अखेरीस जेईई मेनचं पहिलं सत्र. फेब्रुवारी-मार्च बोर्ड. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जेईईचं दुसरं सत्र, ९ ते १७ एप्रिल सीईटीचा पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) गट, १९ ते २७ पीसीएम (जीवशास्त्राऐवजी गणित) गट. ४ मेला नीट. १३ मेपासून सीयूईटी, ती जूनपर्यंत लांबली. २५ मेला आयसरची (विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांची) परीक्षा. त्यात २७ एप्रिलच्या सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्याय चुकले आणि त्या मुलांची फेरपरीक्षा ५ मेला ठेवली गेली. बारावीचा निकालही ५ मेलाच लागला. चारही विषय घेतलेलं मूल ४ तारखेला नीट देऊन आलं आणि ५ तारखेला पुन्हा सीईटीच्या केंद्रावर, तेही निकालाच्या दिवशी.

अशा वेळापत्रकात "सगळ्या देऊन ठेव, एखादी लागेल" हा सल्ला आपण फार सहज देतो. मला तो चुकीचा वाटतो. प्रत्येक परीक्षेची सवय वेगळी आहे. सीईटीला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तिथे एकही प्रश्न सोडणं हा वेडेपणा. जेईई आणि नीटला ४ मिळतात आणि १ जातो, तिथे अंदाज आवरावा लागतो. सीईटीच्या गणिताला प्रत्येक प्रश्नाला २ गुण आणि ५० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे वेगाची परीक्षा. आणि पेपर फक्त इंग्रजीतून, भौतिक-रसायन मराठीतून घेतलं तरी. एप्रिलच्या एकाच महिन्यात मुलाने या सगळ्या सवयी अंगात घालायच्या-काढायच्या म्हटलं तर शेवटी एकही धड बसत नाही. माझं मत असं : राज्य मंडळाच्या मुलाने सीईटी ही घरची परीक्षा मानावी आणि तिच्याखेरीज बाहेरची एकच मनावर घ्यावी. जेईई, नीट, आयसर, सीयूईटी, यांपैकी कोणती, ते बारावीच्या गणपतीपर्यंत ठरलेलं असावं. बाकीचे फॉर्म भरायचे तर भरा, पण त्यांच्यासाठी क्लासला वेगळे पैसे मोजू नका.

पीसीएमबी, म्हणजे गणित आणि जीवशास्त्र दोन्ही, घेऊन बसलेल्या मुलांबद्दल दोन शब्द. खरोखर ठरत नसेल तर अकरावीला चारही विषय ठेवणं शहाणपणाचं आहे. पण बारावीच्या दिवाळीनंतरही "बघू" चालू असेल तर ते ओझंच. सीईटीत दोन्ही गट दिले तर पर्सेंटाइल वेगवेगळे लागतात, एकाचा दुसऱ्याला आधार मिळत नाही. औषधनिर्माणशास्त्र आणि कृषीला दोहोंपैकी कोणताही गट चालतो, हे मात्र पालकांना माहीत नसतं. बीएस्सी ॲग्रीसाठी पीसीबीच लागतं असं समजून गणितात चांगल्या असलेल्या मुलाला जीवशास्त्राला बसवलेलं मी पाहिलं आहे. कृषी विद्यापीठांतल्या काही जागा आयसीएआरच्या (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या) कोट्यातून भरतात आणि त्या सीयूईटीवर असतात, हेही राहुरी-दापोलीच्या आसपासच्या मुलांनासुद्धा सांगावं लागतं.

जीवशास्त्र सोडणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुण्याच्या आयसरसाठीच्या परीक्षेत भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र, प्रत्येकी १५ प्रश्न सगळ्यांना असतात. बारावीला जीवशास्त्र नसलं तरी. मुंबईच्या सीईबीएस आणि भुवनेश्वरच्या नायसर या मूलभूत विज्ञानाच्या संस्थांसाठीच्या नेस्ट या परीक्षेत चारपैकी चांगले तीन विभाग धरतात. मूलभूत विज्ञानाची ओढ असलेला पण जीवशास्त्र सोडलेला मुलगा या दोहोंपैकी कुठे जास्त वेळ घालवेल, हे या एका नियमावरून ठरू शकतं.

कायद्याकडे जाऊ पाहणाऱ्या मुलांची गोष्ट थोडक्यात. क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, डिसेंबरमध्ये असते. तिचा फॉर्म दिवाळीच्या आगेमागे संपतो. आमच्याकडची मुलं तिच्याबद्दल जानेवारीत विचारतात. राज्याची पाच वर्षांच्या लॉची सीईटी नंतर असते, म्हणून अगदीच निराशा होत नाही एवढंच. बीबीए-बीसीएला २०२४ पासून सीईटी लागली, तेव्हा पहिल्या वर्षी अनेकांना ती आहे हेच कळलं नाही, जागा रिकाम्या राहिल्या आणि ऑगस्टमध्ये पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. ज्यांनी त्या वर्षी सरळ बीकॉमला नाव घातलं, त्यांच्यापर्यंत दुसऱ्या परीक्षेची बातमी पोचली की नाही, कोण जाणे.

२०२६ पासून एमएचटी-सीईटीही जेईईसारखी दोनदा, एप्रिलला आणि मेला, पहिली देणं आवश्यक, दुसरी ऐच्छिक, दोन्हींतला चांगला पर्सेंटाइल धरणार. पालक खूश आहेत. मी निम्मी खूश आहे. एप्रिलमध्ये ताप आलेल्या किंवा घाबरलेल्या मुलाला ही खरी संधी आहे. पण ज्याचा पहिला पेपर बरा गेलाय आणि जो नीट किंवा सीयूईटीची तयारी करतोय, त्याने मे महिना पुन्हा सीईटीला द्यायचा का, हे त्याला कुणी तरी बसून विचारायला हवं. "संधी आहे तर दे" हे उत्तर क्लासवाला देईलच. दुसरं उत्तर देणारं माणूस मुलाला महाविद्यालयात भेटायला हवं.

आणि इथेच टाय-अपचा विषय येतो. ज्या महाविद्यालयांनी क्लासशी टाय-अप केला आहे तिथे परीक्षा ठरलेल्या असतात, जेईई किंवा नीट. त्यांचं वेळापत्रक पक्कं असतं, हे मान्य. पण त्या मुलांना दुसऱ्या कोणत्याही परीक्षेचं नाव दोन वर्षांत ऐकू येत नाही. आणि एनआयटी-आयआयटीच्या प्रवेशाला बारावीला ७५ टक्के किंवा मंडळात अव्वल २० पर्सेंटाइल लागतात, हे हजेरीपुरतं कॉलेज असलेल्या मुलाला बोर्डाच्या निकालानंतर कळतं. टाय-अप नसलेल्या आमच्यासारख्या ठिकाणी उलटं आहे. तिथे मुलांना काहीच ठरवून मिळत नाही. दोन्हींकडे मुलासमोर पर्याय मांडणारं कुणी नाही.

मागण्या फार नाहीत, खर्चाच्या तर नाहीतच. अकरावीचा प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन झाला; वाटप झाल्यावर मूल प्रवेश निश्चित करायला आपल्याकडे येतं आणि विषय तेव्हाच पक्के होतात. त्या टेबलावर एक पान मराठीत छापून ठेवा : आयटी घेतलं तर काय सुटतं, गणित सोडलं तर काय सुटतं, एसपीचं पुढे काय, जीवशास्त्र सोडलं तर काय. पालकाने ते वाचून सही करावी. अकरावीच्या प्रथम सत्र परीक्षेनंतर वर्गशिक्षकाने प्रत्येक मुलाशी दहा मिनिटं बोलावं आणि त्याने मनात धरलेल्या दोन परीक्षा हजेरीपटाशेजारी लिहून ठेवाव्यात. बदलल्या तरी चालतील, पण लिहिलेल्या असाव्यात. बारावीच्या जुलैत, घटक चाचणीच्या आधी, विषयशिक्षकांनी आपल्या आणि एनसीईआरटीच्या अनुक्रमणिका जुळवून एक तक्ता द्यावा. आणि फॉर्मच्या दिवसांत संगणक प्रयोगशाळा दुपारी दोन तास उघडी ठेवून एका शिक्षकाने तिथे बसावं, म्हणजे विषय निवडताना मूल मैत्रिणीला फोन लावणार नाही. त्या शिक्षकाने फॉर्म भरू नये. फक्त ज्या विद्यापीठात जायचं आहे त्याचं त्या वर्षीचं माहितीपत्रक शेजारच्या पडद्यावर उघडून ठेवावं. नियम दरवर्षी बदलतात, मी वर लिहिलेलेही बदलतील.

हे काम कार्यभारात मोजलं जात नाही, ही तुमची अडचण मला माहीत आहे. माझीही तीच आहे. म्हणून निदान प्राचार्यांनी ते एका शिक्षकाच्या नावे लेखी द्यावं आणि त्या बदल्यात त्याचं दुसरं एखादं काम, परीक्षा विभागाचं किंवा पोषण आहाराच्या नोंदींचं, कमी करावं. अकरावीच्या प्रवेशफेऱ्या सुरू होण्याआधीच्या शिक्षकसभेत हा विषय घ्यावा, ही विनंती. भूगोल, राज्यशास्त्र आणि इतिहासाच्या अनुक्रमणिका जुळवलेला माझा तक्ता तयार आहे. मागाल त्यांना पाठवते. वाणिज्य आणि विज्ञानाचा तुमच्यापैकी कुणी केला, तर मलाही द्या, आमच्याकडे तो अजून कुणी केलेला नाही.

आपली नम्र,
एक कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षिका